धोटा उडाला, कुणाला लागला नाही

सोलापूरच्या पूर्वभागात सकाळी कोणत्याही गल्लीत शिरा. साखर पेठ घ्या, अशोक चौकाकडचा भाग घ्या, नाही तर अक्कलकोट रस्त्यावरची औद्योगिक वसाहत घ्या. खटक-खटक, खटक-खटक असा आवाज कानी येतो. तो एका मागाचा नसतो. पुष्कळ मागांचा मिळून एक झालेला असतो. तेथे राहणाऱ्या माणसाला तो ऐकूही येत नाही. माग थांबले, म्हणजे मात्र तो चटकन मान वर करतो आणि विचारतो, "का ओ, लाइट गेली का?"

हा आवाज मुख्यतः धोट्याचा आहे. सोलापुरात यंत्राचा धोटा धावू लागला त्याला दीडशे वर्षे होत आली. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिलाच लोक पुढे जुनी मिल म्हणू लागले. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या मिला आल्या. त्यांच्या भोंग्यावर गावाची चूल पेटत असे. त्या साऱ्या मिला आता बंद पडल्या आहेत. पण धोटा राहिला. चादर आणि टॉवेल विणणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांतून तो अजून धावतो. काही ठिकाणी बिनधोट्याचे नवे माग आले आहेत. तरी जुने मागही पुष्कळ चालू आहेत.

या लेखात आम्ही अपघाताबद्दल बोलणार नाही. होता होता राहिलेल्या अपघाताबद्दल बोलणार आहोत. "जिवावरचे बोटावर निभावले" असे आपण म्हणतो ना, तेच. फरक इतकाच, की येथे बोटालाही काही झालेले नसते.

आधी धोटा नीट समजून घेऊ. ज्यांचे हात रोज त्याला लागतात, त्यांनी हा भाग भरभर वाचला तरी चालेल.

धोटा म्हणजे लाकडाची एक लहान होडीच. दोन्ही टोकांना लोखंडाची अणकुची असते. पोटात सुताची कांडी बसवलेली असते. मागावर ताण्याचे दोरे उभे ताणलेले असतात. त्यांतले निम्मे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात, आणि मध्ये एक अरुंद वाट तयार होते. त्या वाटेतून धोटा एका बाजूच्या पेटीतून दुसऱ्या बाजूच्या पेटीत जातो आणि जाता जाता बाण्याचा दोरा सोडतो. यंत्रमागावर असे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडते.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही. धोटा कशाला बांधलेला नसतो. त्याला चाक नाही, खोबण नाही, दोरी नाही. पेटीजवळची काठी त्याला फटका मारते आणि तो सुटतो. विटीदांडूतली विटी सुटते, तसाच. खालचे दोरे म्हणजे त्याची जमीन, मागची फणी म्हणजे त्याची भिंत. पुढची बाजू मोकळी आणि वर नुसते दोरे. वाट साफ असेल, तोवर तो बिनचूक जातो. वाटेत काही आले, की त्याचे टोक किंचित वर उचलले जाते. पुढचे काम त्याचा वेगच करतो. धोटा मागाबाहेर पडतो आणि गोफणीतल्या दगडासारखा जातो. तो कोठे जाईल, हे सांगता येत नाही. बहुधा तो शेजारच्या मागाकडे जातो, आणि तेथे दुसरा माणूस आपल्या कामात असतो.

ही भीती यंत्राइतकीच जुनी आहे. फटक्याने धावणारा धोटा १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने काढला. पुढे त्याला वाफेच्या यंत्राचे बळ मिळाले, आणि उडालेल्या धोट्याने डोळा गमावलेले विणकर त्या देशातही झाले. मग मागावर एक साधा उपाय बसला. फणीच्या पुढे, धोट्याच्या वाटेवर, एक आडवी लोखंडी सळई. धोटा उचलला गेला, तरी सळईला आपटून खाली पडावा, एवढेच तिचे काम. किंमत थोडी, उपयोग मोठा. आणि आमच्या पाहण्यात, मागावरून सर्वांत आधी नाहीशी होणारी वस्तू हीच.

आता एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे नाव आम्ही घेत नाही, माणसाचेही नाही. घेऊन उपयोगही नाही. सोलापुरात काय, इचलकरंजीत काय, मालेगावात काय, धोट्याचे माग चालतात तेथे तेथे ही गोष्ट घडलेली आहे.

दुपारची वेळ होती. एक मागवाला आपल्या दोन मागांच्या मध्ये उभा होता. एका मागावर ताण्याचा दोरा तुटला, म्हणून तो गाठ मारायला खाली वाकला. त्याच क्षणी पाठीमागच्या मागाचा धोटा सुटला. जेथे त्याचे डोके होते, तेथूनच तो गेला आणि समोरच्या भिंतीवर आपटला. गिलाव्याचा तळहाताएवढा टवका पडला. माणूस वाकलेला होता, म्हणून वाचला.

मग काय झाले? जे नेहमी होते, तेच. आजूबाजूचे चार मागवाले धावत आले. एक म्हातारे मामा म्हणाले, "वाचलास बघ! आईची पुण्याई." दुसरा हसून म्हणाला, "तुझी गाठ मारायची हौस कामाला आली." जॉबर आला. त्याने धोटा उचलला, टोकावरून अंगठा फिरवला, कांडी पाहिली, "काय झालं नाही, कर चालू" म्हणाला आणि गेला. पाच-सात मिनिटांत माग पुन्हा खटक-खटक करू लागला. संध्याकाळी त्या माणसाने सिद्धेश्वराच्या देवळात नारळ फोडला. त्यात गैर काही नाही. जीव वाचल्यावर माणसाने देवाला हात जोडावेत. पण त्याच वेळी रातपाळीचा पोरगा येऊन त्याच मागासमोर उभा राहिला होता, आणि दुपारी काय झाले हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

"काय झालं नाही" हे तीन शब्द आपण जरा तपासू. लागले नाही, हे खरे. पण झाले नाही, हे खरे नव्हे. धोटा सुटला, हे झाले. तो कारण नसताना सुटत नाही.

कारणे शोधायला त्या मागावर फार वेळ लागला नसता. धोटा ज्या ठिकाणी फटका घेतो, तेथला पिकर झिजून त्याला खड्डा पडला होता. त्यामुळे धोटा सरळ न सुटता किंचित तिरपा सुटे. ताण्यातला एक तुटका दोरा शेजारच्या दोऱ्यांत गुंतला होता आणि वाट पुरती उघडत नव्हती. सळई तर आठ दिवसांपूर्वीच काढून भिंतीशी टेकवून ठेवली होती, कारण तुटलेला दोरा ओवताना ती हाताला आडवी येते. आणि सकाळपासून तो माग दोनदा 'धाड' असा आवाज करून आपोआप थांबला होता.

हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. धोट्याच्या मागाला एक चांगली अक्कल दिलेली असते. धोटा वेळेवर पलीकडच्या पेटीत पोचला नाही, की आतला एक अडसर पडतो आणि सगळा माग जागच्या जागी थांबतो. तसे नसते, तर फणी पुढे येऊन अडकलेल्या धोट्यावर आदळली असती आणि शेकडो दोरे तुटले असते. म्हणजे कापड वाचावे म्हणून यंत्राला शिकवलेले आहे की काही वावगे वाटले, तर आधी थांब. त्या दिवशी माग दोनदा थांबला. दोन्ही वेळा माणसाने धोटा हाताने पेटीत सारला आणि दांडी ओढून माग पुन्हा चालू केला.

त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. त्याची मजुरी विणलेल्या मालावर आहे. माग थांबला, की त्याचे पैसे थांबतात. पिकर बदलायला जॉबर हवा. जॉबर दुसऱ्या कारखान्यात गेला असेल, तर त्याची वाट पाहावी लागते. सळई बसवली, तर प्रत्येक तुटक्या दोऱ्याला चार क्षण जास्त लागतात, आणि दिवसात दोरे काय कमी तुटतात? हा हिशेब मागवाल्याला पक्का पाठ असतो. डोळ्याची किंमत मात्र त्या हिशेबात कोठे मांडलेली नसते. ती मांडायची कोणी, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते ती मालकाने मांडावी. मजुरी अशी ठरवावी, की माग दुरुस्तीसाठी अर्धा तास बंद राहिला तर मजुराच्या ताटातली भाकरी कमी होऊ नये. हे बोलायला सोपे आणि करायला अवघड आहे, हे आम्ही जाणतो. पण पिकरचा तुकडा किती स्वस्त आणि डोळ्याचे ऑपरेशन किती महाग, हे मालकालाही कळते.

सांगण्याच्या आड येणाऱ्या आणखीही गोष्टी आहेत. एक म्हणजे लाज. कांड्या भरणाऱ्या एका बाईचा पदर चाकात ओढला गेला. लुगडे जुनेर होते, म्हणून टर्रकन फाटले आणि ती सुटली. नवे नायलॉनचे असते, तर तिलाच घेऊन गेले असते. तिने फाटका पदर खोचला आणि कोणाला काही सांगितले नाही. का? "नीट पदर खोचता येत नाही का, असंच म्हणाले असते," हे तिचे उत्तर. तिचे म्हणणे खोटे नव्हते. चाकावरचे झाकण गेले कोठे, हे कोणी विचारले नसते. पदराबद्दल सगळ्यांनी विचारले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे सवय. एकदा धोटा उडाला तर माणूस दचकतो. चारदा उडाला आणि चारही वेळा कुणाला लागला नाही, तर तो म्हणतो, "उडतोच ओ, चालायचंच." म्हणजे चार वेळा मिळालेल्या इशाऱ्याने तो सावध झाला नाही, उलट धीट झाला. अमेरिकेत हाइनरिख नावाचा विमा कंपनीतला एक माणूस होता. त्याने कारखान्यांतल्या अपघातांचे पुष्कळ कागद तपासले आणि १९३१ साली पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की एकाच तऱ्हेचे ३३० प्रसंग घेतले तर ३०० वेळा कुणालाच इजा होत नाही, २९ वेळा थोडी होते आणि एकदा भारी होते. या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला. प्रत्येक धंद्यात प्रमाण तेच असेल, असे नाही. आकडे सोडून द्या. पण मोठ्या अपघाताच्या मागे बिनइजेचे प्रसंग पुष्कळ वेळा रांगेने उभे असतात, हे मागावरच्या माणसाला पुस्तकावाचून पटावे.

सांगितल्याने काय होते आणि न सांगितल्याने काय होते, हे दाखवणारी एक दूरची गोष्ट आहे. ती मागाची नाही, विमानाची आहे. १९७४ साली अमेरिकेत, वॉशिंग्टन शहराजवळच्या विमानतळावर एक विमान उतरायला येत होते. किती खाली यावे, याबद्दल वैमानिक आणि जमिनीवरून सूचना देणारे यांच्यात गैरसमज झाला. विमान डोंगराला धडकता धडकता राहिले. वैमानिकाने आपल्या कंपनीला हे कळवले आणि कंपनीने आपल्या बाकीच्या वैमानिकांना सावध केले. येथवर उत्तम झाले. पण दुसऱ्या कंपन्यांच्या वैमानिकांना ते कळले नाही. सहा आठवड्यांनी, १ डिसेंबर १९७४ रोजी, दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच वाटेने त्याच विमानतळाकडे आले, तोच गैरसमज झाला आणि ते डोंगराच्या माथ्यावर आदळले. आतली ९२ माणसे होती. एकही वाचले नाही.

यानंतर तेथल्या सरकारने एक रीत घातली. १९७६ पासून कोणत्याही वैमानिकाने, आपल्या हातून थोडक्यात निभावलेला प्रसंग लिहून पाठवावा. तो कागद शिक्षा करणाऱ्या खात्याकडे जात नाही. नासा या वेगळ्या संस्थेकडे जातो. तेथे नाव काढून टाकतात आणि मजकूर सर्वांना वाचायला देतात. ही रीत आजही चालू आहे. यात आम्हाला आवडलेली गोष्ट ही, की प्रश्न विचारला जातो तो "काय घडले?" असा, "कोणी केले?" असा नाही.

आपल्याकडे कायद्यानेही या गोष्टीची थोडी दखल घेतलेली होती. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली एक कलम घातले गेले. सरकारने ठरवून दिलेल्या धोकादायक घटनांपैकी एखादी घडली, तर कुणाला इजा झालेली असो वा नसो, व्यवस्थापकाने ती सरकारला कळवावी, असे त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी कामाच्या जागेवरील सुरक्षा आणि आरोग्य यांची नवी संहिता आली आहे. अशा घटना कळवण्याची तरतूद तिच्यातही आहे. शिवाय, आपल्या जिवाला तातडीचा धोका आहे असे वाटायला कामगाराला रास्त कारण असेल, तर ते मालकाला सांगण्याचा आणि सरकारी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क तिने कामगाराला दिला आहे. हे वाचून बरे वाटते. पण कायदा लागू व्हायला कामगारांची ठराविक संख्या लागते, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार माग आणि तीन माणसे असतात. तेथे कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आगीचेही असेच आहे, म्हणून दोन शब्द. मागाखाली सुताची भुकटी साचते. कोपऱ्यात, बोर्डावर, पंख्याच्या पात्यावर बसते. कधी बटणाशी ठिणगी उडते, भुकटी क्षणभर भुरभुरते, कोणी ओले पोते टाकून ती विझवतो आणि काम पुढे चालू होते. विझली, म्हणून ती ठिणगी कोणी मोजत नाही. सोलापूरने मोठी आग पाहिलेली आहे. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. ८ माणसे गेली. त्यांत मालकाच्या घरची माणसे होती, तशी कामगाराच्या घरचीही होती. एक लहान मूलही होते. आगीने मालक कोण, मजूर कोण हे पाहिले नाही. ओले पोते टाकण्याइतकी लहान असते, तेव्हाच ठिणगीची चौकशी करायची असते. त्या बोर्डाची तार कोणी पाहिली? भुकटी शेवटची कधी झाडली? माल दारापुढे रचला आहे की दार मोकळे आहे?

आता कामाचे सांगतो. तुम्ही हे पान वाचत आहात, म्हणजे तुम्हाला अक्षरे येतात. ज्याला चार ओळी लिहिता येतात, त्याच्या हातात येथे मोठे साधन आहे. एक शंभर पानी वही घ्या. कांड्यांच्या पेटीजवळ, दोन्ही पाळ्यांच्या माणसांच्या हाताला येईल अशी, खिळ्याला अडकवा. पेन्सिल सुताने वहीलाच बांधा, नाही तर ती दुसऱ्या दिवशी दिसणार नाही. थोडक्यात निभावलेला प्रसंग घडला, की त्याच दिवशी लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. वर सांगितलेला प्रसंग असा लिहिता आला असता:

"मंगळवार. दुपारी ३. माग नंबर ६. धोटा उडाला. भिंतीला लागला. माणसाला लागला नाही. सकाळी माग दोनदा धाडकन थांबला होता. पिकर झिजला आहे. सळई काढलेली आहे. पिकर बदलेपर्यंत चालू करू नये."

त्यात कोणाचे नाव नाही, तक्रार नाही, शिव्या नाहीत. नाव घालायचे नसेल, तर घालू नका. माग नंबर मात्र विसरू नका. आणि जे दिसले, तेच लिहा. "मागात दोष आहे" असे लिहिले, तर जॉबरला काही कळत नाही. "डाव्या बाजूचा पिकर झिजला" असे लिहिले, तर तो सरळ तेथे हात घालतो. ज्याला लिहिता येत नाही, त्याने सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे. कांड्या भरणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय तर वही मिटूच नका. यंत्रांच्या खोड्या त्यांना आधी कळतात, पण त्यांना कोणी विचारत नाही.

मालकाला वही दाखवायची का? आमचे मत असे, की दाखवावी आणि पहिल्या दिवशीच दाखवावी. चोरून ठेवलेल्या वहीची भीती वाटते. उघड्या वहीची वाटत नाही. काही शेठ रागावतील. काही म्हणतील, "हे आणि कशाला आता?" त्यांना वहीचे शेवटचे पान दाखवा. तेथे दुसरी यादी ठेवायची: दुरुस्ती कधी झाली, कोणी केली. पिकर बदलला, तारीख. सळई बसवली, तारीख. कांडीच्या चाकाला झाकण लावले, तारीख. ती यादी वाढू लागली, म्हणजे वहीचा राग कमी होतो, असा अनुभव आहे.

पाळी बदलताना दोन मिनिटे ती वही वाचायची. दिवसपाळीच्या माणसाने मोठ्याने वाचावी आणि रातपाळीच्याने मागाकडे पाहत ऐकावी. माग त्या वेळी बंदच असतात, त्यामुळे ऐकूही नीट येते. वाचून झाले, की रातपाळीच्या माणसाने ६ नंबरच्या मागाशी जावे, पिकरला बोट लावून पाहावे, सळई हलवून पाहावी, आणि मगच दांडी ओढावी.